चाक परभणीत, शिक्का पुण्यात!

‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही म्हण मराठवाड्यातल्या पोराला बाळगुटीबरोबरच पाजलेली असते. परभणीकर ती छाती काढून म्हणतो आणि परगावचा पाहुणा ती ऐकून गालातल्या गालात हसतो. आज आम्ही ती म्हण थट्टेसाठी नव्हे, तर हिशेबासाठी हाती घेतली आहे. जर्मनी आणि परभणी ह्यांची खरोखरीच तुलना करून पाहावी असा एक विषय आमच्यासमोर आहे. आणि त्या तुलनेत परभणीकराने लाजावे असे काही नाही, लाजायचे झालेच तर ते सरकारने लाजावे, अशी आमची खात्री आहे.

विषय दिसायला किरकोळ आहे. तो आहे मोटरसायकलीचा! स्वतःच्या घामाच्या पैशाने घेतलेल्या मोटरसायकलीत एखाद्या माणसाने आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करून घेतला, तर ती गाडी कायदेशीरपणे रस्त्यावर आणण्यासाठी त्याने काय करावे? कोणाला दाखवावी? कोणी तपासावी? तपासून ती निर्धोक ठरली, तर तिच्या नोंदणीपुस्तकावर शिक्का कोणी मारावा? प्रश्न साधा आहे. परंतु ज्याच्या गाडीच्या पाटीवर ‘एमएच २२’ ही परभणीची खूण आहे, त्या सामान्य माणसाने कायद्याचे पुस्तक पालथे घातले तरी ह्या साध्या प्रश्नाचे साधे उत्तर त्याच्या हाती लागत नाही. जे लागते ते एकच: ‘करू नका!’

फटफटीचा बैल झाला!

शहरात बसून मोटरसायकलीकडे पाहणाऱ्यांना ती तरुणांची हौस वाटते. त्यांनी एकदा परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर आणि पूर्णा ह्या नऊ तालुक्यांच्या रस्त्यांवर उभे राहावे. पहाटे दुधाच्या किटल्या तीच वाहते. बियाण्याची पोती, खताची गोणी, फवारणीचा पंप, शाळेला निघालेली दोन पोरे आणि दवाखान्यात न्यायची म्हातारी, हा सारा संसार तिच्याच पाठीवर असतो. बैलजोडी पोसणे ज्याला परवडेनासे झाले, त्या शेतकऱ्याने मोटरसायकलीला कोळपे जोडून पिकाच्या ओळींतले तण काढल्याचे प्रकार महाराष्ट्राने पाहिले आहेत. गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी ह्यांनी तर १९९४ च्या सुमारास बुलेटच्या मागे अवजारे बसवून शेतीचे एक नवे यंत्रच उभे केले आणि पुढे त्याचे पेटंटही मिळवले.

फेरफार म्हणजे गुन्हेगारी, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हा सारा पसारा आधी नीट पाहावा. यंत्र घेणारा माणूस ते आपल्या कामाला जुळवून घेतो, ही मनुष्यजातीची जुनी खोड आहे. ती खोड नसती तर मोटरसायकलच जन्माला आली नसती! गोटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख ह्या दोघा जर्मनांनी १८८५ साली कानस्टाट येथे जी पहिली पेट्रोलवर चालणारी दुचाकी बनवली, ती काय होती? सायकलीसारखा एक लाकडी सांगाडा, त्यात बसवलेले एक लहानसे इंजिन, आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही अंगांना लावलेली दोन चिमुकली चाके! आजच्या आपल्या नियमांच्या कसोटीवर ते वाहन कोणत्याही तपासणी नाक्यावर जप्त झाले असते.

आम्ही धिंगाण्याचे वकील नाही

येथे आमच्या म्हणण्याचा कोणी विपर्यास करू नये म्हणून एक गोष्ट आधीच ठणकावून सांगतो. मूळचा सायलेन्सर उपटून टाकून त्याजागी कानठळ्या बसवणारे नळकांडे बसवायचे, मध्यरात्री दवाखान्यापुढून गाडी हाकायची आणि झोपलेल्या गावाला बंदुकीचे बार ऐकवायचे, हा जो धिंगाणा शहराशहरांतून चालतो, त्याचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. पुण्यात आणि नागपुरात पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला, तेव्हा आम्हांला यत्किंचितही दुःख झाले नाही. कायद्याने नव्या मोटरसायकलीच्या आवाजाची कमाल मर्यादा घालून दिली आहे. ८० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाला ७५ डेसिबल, त्यापुढे १७५ पर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ८० डेसिबल. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘भारत स्टेज सहा’ मानकाच्या गाड्यांत धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक ह्या धुराड्याच्याच मार्गात बसवलेला असतो. तो काढून फेकणारा इसम शेजाऱ्याच्या कानाबरोबर त्याच्या फुप्फुसावरही हात टाकतो. त्याला दंड झालाच पाहिजे.

रस्त्यावरच्या सुरक्षिततेविषयीही आम्ही बेफिकीर नाही. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, आणि त्यांतली शेकडा ४४ हून अधिक माणसे दुचाकीवरची होती. कच्च्या वेल्डिंगवर जोडलेले चाक भर वेगात निखळले, तर काय होते हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. म्हणून आमची मागणी ‘तपासणी नको’ अशी नाही. आमची मागणी नेमकी उलट आहे. तपासणी करा! पण ती करायला कोणीतरी बसवा तरी!

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याचे कलम ५२ असे सांगते की, कोणत्याही मालकाने आपल्या वाहनात असा फेरफार करता कामा नये, की ज्यामुळे नोंदणीपुस्तकातला तपशील कारखानदाराने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल. ‘फेरफार’ म्हणजे काय, तेही कायद्याने सांगितले आहे: वाहनाच्या रचनेत केलेला असा बदल, की ज्यामुळे त्याचे मूळ वैशिष्ट्यच पालटते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका अपिलाचा निकाल देताना ह्या कलमाचा अर्थ कडक शब्दांत पक्का केला आणि केरळ उच्च न्यायालयाचा सैल अर्थ रद्द ठरवला. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून कलम १८२ अ आणले. बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही! ‘दर फेरफारामागे’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. ज्याने हँडल बदलले, सांगाडा वाढवला आणि मागे दोन चाके जोडली, त्याने पंधरा हजारांची तयारी ठेवावी.

न्यायालयाने कायदा जसा आहे तसा वाचला. त्याला आम्ही दोष देत नाही. दोष आहे तो कायदा लिहिणाऱ्यांच्या नजरेत. त्यांच्या नजरेसमोर वाहनाशी संबंध असलेली दोनच माणसे होती: एक कारखानदार आणि दुसरा गुन्हेगार. ह्या दोघांच्या मध्ये प्रामाणिकपणे गरज भागवणारा जो तिसरा माणूस उभा आहे, तो त्यांना दिसलाच नाही. मूळच्या १९८८ च्या कायद्यात एक गंमत होती. ज्याच्या पदरी किमान दहा भाडोत्री वाहने असतील, अशा मालकाला नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवण्याची मुभा राज्य सरकारने द्यावी, अशी तरतूद त्यात होती. म्हणजे दहा गाड्यांचा धनी विश्वासाला पात्र, आणि एका गाडीचा धनी संशयाला पात्र! ज्याच्या दारी हत्ती झुलतात त्याला सलाम आणि ज्याच्या दारी शेळी आहे त्याला कोंडवाडा, हा न्याय आमच्या लोकशाहीत कोठून आला?

पुण्याला जा आणि हात हलवत परत या!

आता ह्या कायद्याला काही दारे आहेत, हे आम्ही नाकारत नाही. पेट्रोलची गाडी विजेवर किंवा वायूवर चालवायची असेल, तर मंजूर झालेला संच बसवून तसे करता येते. ठाण्याच्या एका उद्योगाने स्प्लेंडर मोटरसायकलीसाठी असा विजेचा संच मंजूर करून घेतला आणि २०२१ साली त्याची किंमत बॅटरी वगळून सुमारे ३५ हजार रुपये सांगितली जात होती. हे दार चांगले आहे. पण ते कोणासाठी उघडते? ज्या उद्योगाला संचाची मान्यता मिळवण्याचा खर्च झेपतो आणि ज्याला तो हजारांनी विकायचा आहे, त्याच्यासाठी. परभणीच्या एखाद्या हुशार कारागिराने एकाच गिऱ्हाइकासाठी, एकाच गाडीवर, तितकेच चोख काम केले तरी ते दार त्याच्यासाठी बंद!

वाहनांना मान्यता देण्यासाठी त्यांची चाचणी घेणाऱ्या ज्या संस्था केंद्राच्या नियमांत सांगितल्या आहेत, त्यांपैकी तीन आपल्या महाराष्ट्रात आहेत. पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही १९६६ पासूनची नामांकित संस्था, पुण्याजवळ भोसरीची ‘सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट’, आणि अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे हे वैभव आहे. पण नियम क्रमांक १२६ प्रमाणे ह्या संस्थांपुढे येतो तो कारखानदाराचा नमुना. एक नमुना तपासायचा, त्याला मान्यता द्यायची आणि त्याबरहुकूम लाखो गाड्या कारखान्यातून बाहेर पडायच्या, अशी ती व्यवस्था आहे. एका माणसाची एक गाडी हा प्रकार तिच्या हिशेबातच नाही. परभणीचा माणूस साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून पुण्याला गेला, तरी त्याला कोणत्या खिडकीपुढे उभे राहायचे हे सांगणारी पाटी कायद्याने रंगवलेली नाही. विठोबाच्या दारी गेलेल्या वारकऱ्याला निदान कळस तरी दिसतो!

देवराष्ट्र्याचा धडा

हे सारे कल्पनेतले नाही, हे दाखवायला एक उदाहरण पुरे आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील एका लोहारकाम करणाऱ्या कारागिराने २०२१ साली मोटरसायकलीचे इंजिन आणि भंगारातले भाग जुळवून, सुमारे साठ हजार रुपयांत, किकने सुरू होणारी एक छोटी चारचाकी जीप बनवली. तिचे चित्र देशभर गाजले. उद्योगपती आनंद महिंद्र ह्यांनी त्या कल्पकतेचे जाहीर कौतुक केले. पण त्याच वेळी, ही गाडी नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या रस्त्यावरून उठवतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणून त्यांनी त्या गाडीच्या बदल्यात नवी कोरी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये हा बदला पारही पडला.

कारागिराचे भले झाले. आम्हांला त्याचा आनंद आहे. परंतु ह्या गोड गोष्टीच्या पोटात जो कडू प्रश्न आहे, तो कोणी विचारला नाही. ह्या माणसाने गाडी तयार केल्यावर राज्याच्या कोणत्या यंत्रणेने त्याला सांगितले की, ‘तुझे ब्रेक येथे कमी पडतात, जोडणी येथे मजबूत कर, दिवे असे लाव, मग आम्ही पुन्हा पाहू’? अशी यंत्रणाच नाही! एका कोट्यधीशाचे औदार्य आड आले म्हणून गुणाचे चीज झाले. उद्या परभणीच्या कारागिराने असेच काही घडवले आणि त्या दिवशी एखाद्या उद्योगपतीचे त्याच्याकडे लक्ष गेले नाही, तर त्याच्या वाट्याला बोलेरो येणार नाही, पावती येईल.

अधू पायाचा न्याय

आणि आता आम्ही ह्या प्रकरणाच्या मर्मस्थानी येतो. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. देशाने टाळ्या वाजवल्या. पोलिओ गेला, पण त्याने अधू केलेले पाय गेले नाहीत. ते पाय आज चाळिशी-पन्नाशीला पोचले आहेत. ते शाळेत शिकवतात, दुकान चालवतात, तहसील कचेरीत खेटे घालतात. समजा, जिंतूर तालुक्यातल्या अशा एका दिव्यांग शिक्षकाला रोज शाळा गाठायची आहे. त्याच्या वाडीवर बस फिरकत नाही. त्याने स्कूटर घेतली, गावच्या वेल्डरकडून मागल्या अंगाला दोन चाके जोडून घेतली आणि पायाचा ब्रेक हातावर आणवला. हा माणूस हौशी नव्हे. ही दोन चाके त्याचे पाय आहेत!

त्याच्यासाठी कायद्यात दार आहे, आणि ते २०१९ च्या दुरुस्तीनेच उघडले. कलम ५२ मध्ये असे घालण्यात आले की, आपले वाहन दिव्यांगाच्या वापरासाठी रूपांतरित करायचे असेल, तर तसा फेरफार करावा आणि मागाहून नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. त्याहीआधी, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४१ व्या कलमाने, दिव्यांगांना परवडेल अशा रीतीने त्यांची ये-जा सुकर व्हावी म्हणून वाहनांत फेरजुळणी करून देण्याच्या योजना सरकारने आखाव्यात, असे स्वच्छ शब्दांत बजावले. म्हणजे एका कायद्याने सरकारला सांगितले, ‘चाके लावून द्या’. आणि दुसऱ्या कायद्याने नागरिकाला सांगितले, ‘चाके तूच लाव, पैसे तूच घाल, आणि मग आम्ही पसंत करतो की नाही ते पाहू!’

हे आधी लग्न लावून मग पत्रिका जुळवण्यासारखे झाले. मंजुरी नाकारली गेली तर वेल्डरला दिलेले पैसे कोण परत करणार? मंजुरी मिळेपर्यंत तो शिक्षक शाळेला कसा जाणार? त्या अवधीत अपघात झाला आणि नोंदणीपुस्तकात नसलेली दोन चाके गाडीला आहेत, असा आक्षेप विमा कंपनीने घेतला, तर त्याच्या गाडीची भरपाई कोण देणार? आणि जोडणी मजबूत आहे की नाही, हे अधिकाऱ्याने कशाच्या आधारावर ठरवायचे? त्याच्या हाती ना चाचणीचे साधन, ना एका गाडीसाठी साहाय्याला येणारा तज्ज्ञ. आपल्या सहीने उद्या कोणाचा जीव गेला तर, ह्या भीतीने तो अर्ज बाजूला ठेवतो, ह्यात आम्हांला नवल वाटत नाही. सही करण्याची जबाबदारी दिली, पण सही करण्याइतके ज्ञान मिळवण्याची सोय दिली नाही, तर शहाणा अधिकारी लेखणी खाली ठेवणारच.

जर्मनी काय करते?

आता म्हणीकडे वळू. जर्मनी हा काही स्वैराचारी देश नव्हे. तेथे नियमांचा काच आपल्याहून अधिक आहे. त्यांच्या वाहन नियमावलीचे १९ वे कलम सांगते की, फेरफार केलेल्या गाडीचा परवाना तीन कारणांनी आपोआप संपतो. वाहनाचा प्रकार बदलला, किंवा रस्त्यावरच्या माणसांना धोका संभवला, किंवा धूर आणि आवाज पहिल्याहून वाईट झाला, तर! किती नेमके तीन प्रश्न आहेत पाहा. शेजाऱ्याचे कान आणि पादचाऱ्याचे प्राण त्यांत आले. कारखानदाराने मूळ जे छापले त्याच्याशी रेसभर फरक पडला, एवढ्यावरून तेथे परवाना संपत नाही.

आणि परवाना संपला म्हणजे गाडी संपली असे नाही. मालक ती घेऊन अधिकृत तज्ज्ञाकडे जातो. तज्ज्ञ ती एकच गाडी उभी-आडवी तपासतो. ब्रेक दाबून पाहतो, आवाज मोजतो, सांधे न्याहाळतो. ती उतरली तर का उतरली ते लिहून देतो. चढली तर त्याच्या अहवालावरून नवी नोंद होते आणि मालक ताठ मानेने घरी जातो. हे काम करणाऱ्या संस्थांचा उगमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८६५ साली मानहाइम येथील एका मद्याच्या कारखान्यात वाफेचा बंब फुटला. तेव्हा तेथल्या लोकांनी वाफेच्या बंबांवर बंदी घाला अशी ओरड केली नाही. १८६६ साली कारखानदारांनी एकत्र येऊन बंब तपासणाऱ्या तज्ज्ञांचे मंडळ स्थापन केले. आज मोटरसायकली तपासणाऱ्या जर्मन मंडळांची वंशावळ तेथवर जाऊन पोचते. इंग्लंडातही एकेका मोटरसायकलीची स्वतंत्र तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत आहे, आणि तिचा लाभ घरी गाडी बांधणाऱ्या हौशी माणसालाही मिळतो.

धोका दिसला की जर्मनी तपासनीस नेमते. धोका दिसला की आमचे सरकार कलम वाढवते. दोन देशांतले अंतर मोजायचे ते येथे!

आक्षेप आणि उत्तर

ह्यावर काही शहाणे म्हणतील की, मंजुरीची खिडकी उघडली की तिच्यापुढे दलालांची रांग लागेल, आणि शंभराच्या नोटेला शिक्का विकला जाईल. ही भीती अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आज काय आहे? आज मंजुरीची वाटच नाही, म्हणून फेरफार थांबले आहेत काय? रस्त्यावर पाहा! ते राजरोस चालू आहेत. फक्त त्यांची तपासणी होत नाही. चांगल्या वेल्डरचे काम आणि भामट्याचे काम एकाच अंधारात चालते, आणि दोघांचीही गाडी पकडली तर दोघांनाही एकच दंड. चोख काम करणाऱ्याला चोख काम केल्याचे कोणतेही बक्षीस ज्या व्यवस्थेत नाही, त्या व्यवस्थेत चोख काम फार दिवस टिकत नाही. लाच जन्मते ती मोघम नियमांच्या पोटी. जेथे अटी भिंतीवर मराठीत लिहिलेल्या असतात, फी जाहीर असते, तपासणीची छायाचित्रे कागदाला जोडलेली असतात आणि नकाराचे कारण लेखी द्यावे लागते, तेथे दलालाचा धंदा बसतो.

दुसरा आक्षेप असा की, एवढे तज्ज्ञ आणायचे कोठून? परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. १९७२ पासून ते उभे आहे आणि त्याच्या छत्राखाली कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे. अवजारांची ताकद मोजणे, सांध्यांवर भार टाकून पाहणे, हे तेथल्या अध्यापकांचे रोजचे काम आहे. त्यांना बोलवायला कोणी बंदी केली आहे काय?

आमच्या मागण्या

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत, आणि त्या चारच आहेत.

पहिली. परभणीच्या परिवहन कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर साध्या मराठीत एक तक्ता लागला पाहिजे. कोणता बदल नुसता कळवला की पुरे, कोणत्या बदलाला आगाऊ मंजुरी लागते, कोणता फक्त मंजूर संचानेच करता येतो आणि कोणता काही झाले तरी करता येणार नाही, हे त्यात असावे. कायदा न कळल्याने कोणी गुन्हेगार ठरू नये. ह्या कामाला दिल्लीच्या परवानगीची आवश्यकता नाही. रंगाचा एक डबा पुरे आहे.

दुसरी. दर महिन्याला एक ठरावीक दिवस परभणीत तपासणीचा दिवस म्हणून पाळला जावा. पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या संस्थेचा एक अभियंता त्या दिवशी यावा आणि कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी त्याला साहाय्य करावे. आरंभ दिव्यांगांच्या वाहनांपासून व्हावा, कारण त्यांच्यासाठी कायद्याने दार आधीच उघडलेले आहे. त्यांचे रेखाचित्र आधी तपासून ‘असे करा’ म्हणून लेखी सांगावे, म्हणजे पैसे घातल्यावर नकार ऐकण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही. नऊ तालुक्यांच्या गाड्या पुण्याला नेण्यापेक्षा पुण्याचा एक माणूस परभणीला आणणे स्वस्त आहे, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

तिसरी. वेल्डिंग करणाऱ्या कारागिराचे नाव आणि सही कागदावर आली पाहिजे. ज्याचे काम तीनदा उतरले त्याला थांबवा; ज्याचे काम सातत्याने चढले त्याला मान्यतेचा फलक द्या. फलकाची लाज आणि फलकाचा अभिमान दंडाहून अधिक काम करतात.

चौथी, आणि ही केंद्र सरकारकडे आहे. कलम ५२ नेच केंद्राला फेरफारांचे मापदंड आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिलेला आहे. कायदा बदलायला नको. नियम लिहायचे आहेत. एका माणसाच्या एका गाडीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची पद्धत त्या नियमांत लिहा. जर्मनीचे ते तीन प्रश्न हवे तर जसेच्या तसे उचला. त्याने आमच्या सार्वभौमत्वाला धक्का पोचणार नाही!

मराठवाड्यातल्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारावा आणि आमदारांनी तो विधानसभेत विचारावा. रस्ता, पाणी आणि विमा ह्यांच्या गर्दीत मोटरसायकलीचा प्रश्न त्यांना हलका वाटेल. त्यांना आम्ही एवढेच विचारतो: निवडणुकीत तुमच्या मिरवणुकीपुढे धावणाऱ्या त्या शेकडो मोटरसायकलींपैकी किती तुम्ही कलम ५२ ची कसोटी लावून तपासल्या होत्या? मत मागताना जे चाक चालते, ते हक्क मागताना का अडते?

‘भारतात परभणी’ हे म्हणीचे अर्धे परभणीच्या कारागिराने आपल्या परीने खरे करून दाखवले आहे. त्याच्या हातात कसब आहे, पुढे गरज उभी आहे आणि भट्टी पेटलेली आहे. म्हणीचे उरलेले अर्धे खरे करणे सरकारच्या हाती आहे. त्यासाठी सरकारला जर्मनी व्हायचे नाही. एक टेबल मांडायचे आहे, एक जाणता माणूस त्याच्यामागे बसवायचा आहे, आणि समोर आलेल्या गाडीकडे आधीच मिटलेल्या नव्हे, तर उघड्या डोळ्यांनी पाहायचे आहे. खराब चाक खुशाल मोडून टाका. पण चांगल्या चाकाला चांगले म्हणण्याची हिंमत ज्या सरकारला होत नाही, त्याने खराब चाकावर रोडरोलर फिरवून मर्दुमकी मिरवू नये!